यंत्रे चालू, काम मात्र उभे!

सकाळी साडेआठची वेळ. गल्लीच्या तोंडाशी नव्या इमारतीचे काम चालू आहे. रस्त्याच्या कडेला काँक्रीटचे चार-पाच मिक्सर एकामागे एक उभे आहेत. ड्रम संथपणे फिरताहेत, इंजिने घरघरताहेत आणि मागे शाळेची बस अडकली आहे. आत साईटवर पंप मात्र शांत आहे, कारण स्लॅबच्या एका कोपऱ्यातली सळई बांधायची राहिली आहे. दुपारी नेमके उलटे चित्र दिसते. पंप तयार, माणसे व्हायब्रेटर घेऊन सज्ज, पण मिक्सरचा पत्ता नाही. तो कुठल्यातरी सिग्नलला खोळंबला आहे.

मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, कुठल्याही वाढत्या शहरात हे दृश्य रोजचे आहे. आपण आवाजाला, धुळीला आणि वाहतूक कोंडीला वैतागतो आणि पुढे जातो. पण ज्यांची सोसायटी पुनर्विकासाला गेली आहे, जे भाड्याच्या घरात दिवस मोजत आहेत किंवा ताबा न मिळालेल्या घराचा हप्ता भरत आहेत, त्यांच्यासाठी ही रांग म्हणजे लांबणारे महिने असतात. आणि यंत्रावर बसलेल्या चालकासाठी ती आणखी वेगळी असते. सकाळी वाया गेलेले दोन तास रात्री त्याच्याकडूनच वसूल केले जातात.

बांधकामावर अवजड यंत्रे आणली की काम आपोआप वेगाने होते, असा आपला समज असतो. जेसीबी, पोकलेन, टॉवर क्रेन, पंप असा ताफा दिसला की काम जोरात चालले आहे असे वाटते. प्रत्यक्षात यंत्रांच्या कामगिरीचे शास्त्र वेगळेच सांगते. बहुतेक साईटवर वेळ जातो तो यंत्र हळू चालते म्हणून नव्हे, तर यंत्र कशाची तरी वाट पाहत उभे असते म्हणून. त्यामुळे यंत्रांचे व्यवस्थापन म्हणजे मुख्यतः वाट पाहण्याचे व्यवस्थापन. ते जमले नाही, तर त्याची किंमत इमारतीच्या दर्जाला आणि माणसांच्या शरीराला मोजावी लागते.

मिक्सर किती हवेत?

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, १२० घनमीटरचा स्लॅब भरायचा आहे. एका मिक्सरमध्ये ६ घनमीटर काँक्रीट येते, म्हणजे २० खेपा लागतील. पंप तासाला २० घनमीटर काँक्रीट वर चढवतो असे धरले, तर एक मिक्सर रिकामा व्हायला १८ मिनिटे लागतात. प्लांटवर भरायला १२ मिनिटे, साईटवर पोहोचायला अर्धा तास, रिकामा व्हायला १८ मिनिटे आणि परत जायला अर्धा तास असा एका फेरीचा वेळ झाला ९० मिनिटे. आता ९० ला १८ ने भागा. उत्तर येते पाच. पाच मिक्सर असतील तर एक रिकामा होऊन निघतो तेव्हा दुसरा दारात येतो. पंप थांबत नाही, रांग लागत नाही आणि सहा तासांत स्लॅब पूर्ण होतो.

चारच मिक्सर पाठवले तर काय होईल? दर साडेबावीस मिनिटांनी एक मिक्सर येईल आणि प्रत्येक वेळी पंप साडेचार मिनिटे रिकामा राहील. सहा तासांचे काम साडेसात तासांवर जाईल.

मग आठ पाठवू, घाई आहे! इथेच गणित फसते. आठ मिक्सर पाठवले तरी पंपाची गती तीच राहते, म्हणून काम सहा तासांच्या आत होत नाही. वाढते ती फक्त रांग. प्रत्येक मिक्सरला आता साईटबाहेर सरासरी ५४ मिनिटे ताटकळावे लागते. चालक, डिझेल, रस्ता सगळे अडकून पडते आणि स्लॅब एक मिनिटही लवकर होत नाही.

संध्याकाळी रहदारी वाढली आणि फेरी ९० ऐवजी १३५ मिनिटांची झाली, तर मात्र खरोखरच आठ मिक्सर लागतात. म्हणजे 'किती यंत्रे हवीत' या प्रश्नाचे उत्तर साईटवर नसते, ते रस्त्यावर असते आणि दिवसाच्या वेळेनुसार बदलते. सकाळी घेतलेला निर्णय दिवसभर चालवणे हीच पहिली चूक ठरते.

ड्रममधले घड्याळ

ही ५४ मिनिटांची रांग केवळ पैशाचा प्रश्न नाही. सिमेंटला पाणी लागले की रासायनिक क्रिया सुरू होते आणि ती कुणासाठी थांबत नाही. ड्रम फिरत राहिला की काँक्रीट ताजे राहते, हा गैरसमज आहे. ड्रम फिरतो तो खडी, वाळू आणि सिमेंट वेगवेगळे होऊ नयेत म्हणून. आतले घड्याळ चालूच असते आणि उन्हाळ्यात ते अधिक वेगाने धावते. सर्वसाधारणपणे प्लांटवर भरल्यापासून दोन तासांच्या आत काँक्रीट रिकामे व्हावे अशी अपेक्षा असते. क्रिया लांबवणारे रसायन घातले असेल तर थोडी अधिक सवलत मिळते. वरच्या उदाहरणात अर्ध्या तासाचा प्रवास, ५४ मिनिटांची रांग आणि १८ मिनिटांचे रिकामे होणे मिळून १०२ मिनिटे गेली. थोडी आणखी गडबड झाली की मर्यादा ओलांडलीच.

मग काय होते? काँक्रीट घट्ट होते, पंपातून जात नाही. अशा वेळी सर्वात सोपा आणि सर्वात घातक उपाय म्हणजे ड्रममध्ये पाणी ओतणे. काँक्रीट लगेच सैल होते आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. परंतु सिमेंटच्या क्रियेला न लागणारे हे जास्तीचे पाणी पुढे सुकून जाते आणि मागे सूक्ष्म पोकळ्या सोडते. डफ अब्राम्स या अमेरिकी संशोधकाने १९१८ मध्येच दाखवून दिले होते की, सिमेंटच्या प्रमाणात पाणी वाढले की काँक्रीटची ताकद घटते. त्या पोकळ्यांतून पुढची अनेक वर्षे ओल झिरपते, सळई गंजते, प्लास्टर फुगते. दहा-पंधरा वर्षांनी स्लॅब गळायला लागतो तेव्हा आपण पावसाला दोष देतो. त्याचे एक कारण कधीतरी रस्त्यावर लागलेल्या मिक्सरच्या रांगेत असू शकते, हे कुणाच्या ध्यानीमनीही नसते.

उलट बाजूने, मिक्सर वेळेवर आला नाही तर आधी ओतलेला थर घट्ट होऊ लागतो आणि नंतरचा थर त्याच्याशी एकजीव होत नाही. तिथे सांधा राहतो. तोही गळतीला आमंत्रण देतो. थोडक्यात, यंत्रांची वेळ जुळणे हा भिंतीच्या आत शिरलेला प्रश्न आहे.

खोदलेली माती फुगते

पायाच्या खोदकामातही हेच गणित लागते. पोकलेन भरते, डंपर वाहून नेतात. (पोकलेन हे मुळात एका फ्रेंच कंपनीचे नाव, आपल्याकडे ते यंत्राचेच नाव होऊन बसले.) इथे एक गोष्ट हमखास विसरली जाते. जमिनीत घट्ट बसलेली माती खोदली की मोकळी होऊन फुगते. १०० ब्रास खड्ड्यातून निघालेला माल मातीच्या प्रकारानुसार १२०-१३० ब्रास भरतो आणि फोडलेला खडक त्याहूनही जास्त जागा घेतो. डंपरमध्ये ५ ब्रास मावतात म्हणून २० खेपांचा हिशेब धरला, तर प्रत्यक्षात २५ किंवा अधिक खेपा लागतात. पावसाळ्याआधी तळघर पूर्ण करायचे असेल, तर या चुकीमुळे जूनमध्ये खड्ड्यात पाणी आणि पाण्यात यंत्र अशी अवस्था होते.

मोबदला कसा दिला जातो, यावरही यंत्र कसे चालते हे ठरते. भाडे तासावर असेल तर यंत्र नुसते चालू ठेवण्यात मालकाचा फायदा असतो. खेपेवर असेल तर चालक भरधाव जातो. ब्रासवर असेल तर डंपर काठोकाठ भरला जातो, ब्रेक आणि टायर त्याचा भार सोसतात आणि रस्त्यावर सांडलेला मुरूम आपल्या दुचाकीखाली येतो. चालकांना शिस्त नाही, असे म्हणणे सोपे आहे. पण करारात ज्या गोष्टीचे पैसे लिहिले आहेत तीच गोष्ट साईटवर वाढते.

क्रेन रिकामी दिसणे चांगले की वाईट?

उंच इमारतीच्या कामात सगळ्यांचे घोडे पेंड खाते ते टॉवर क्रेनपाशी. सळई, सेंट्रिंगच्या प्लेटा, विटांचे पॅलेट, पाण्याच्या टाक्या, सगळे तिच्याच हुकावरून वर जाते. भाडे मोठे असल्यामुळे 'क्रेन एक क्षणही रिकामी राहता कामा नये' असा आग्रह धरला जातो. तो वरवर बरोबर वाटतो. शास्त्र मात्र त्याला हरकत घेते.

डेन्मार्कमधील कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे गणितज्ञ ए. के. एरलांग यांनी १९०९ मध्ये एक शोधनिबंध लिहिला. टेलिफोन एक्स्चेंजवर कॉल कधीही, अनियमितपणे येतात. मग किती लाइन ठेवल्या म्हणजे लोकांना फार ताटकळावे लागणार नाही, हा त्यांचा प्रश्न होता. त्यातून रांगांचे गणित जन्माला आले. आज बँक, दवाखाना, टोलनाका, विमानतळ या सगळ्यांना तेच लागू होते. या गणिताच्या सर्वात साध्या नमुन्याने क्रेनकडे पाहू. समजा, एक उचल सरासरी सहा मिनिटांत होते आणि मागण्या कधीही येतात. क्रेन निम्मा वेळ कामात असेल, तर प्रत्येक मागणीला सरासरी सहा मिनिटे थांबावे लागते. क्रेन ८० टक्के वेळ कामात असेल तर २४ मिनिटे, ९० टक्के असेल तर ५४ मिनिटे आणि ९५ टक्के असेल तर तब्बल ११४ मिनिटे!

शेवटच्या पाच टक्क्यांत प्रतीक्षा दुपटीहून अधिक वाढली, हे लक्षात घ्या. क्रेन पूर्ण वेळ राबते आहे म्हणून व्यवस्थापक खूश असतो आणि वर वीस कामगार तासन्‌तास सामानाची वाट पाहत बसलेले असतात. क्रेनचे भाडे वसूल झाले, पण वीस जणांची मजुरी वाया गेली आणि स्लॅबचा दिवस पुढे ढकलला गेला. उपाय दोन आहेत. एक म्हणजे मागण्यांचा अनियमितपणा कमी करायचा. कोणत्या ठेकेदाराला कोणत्या वेळी क्रेन मिळेल हे आदल्या दिवशी फळ्यावर लिहायचे. दुसरा उपाय म्हणजे क्रेनशिवाय होऊ शकणारी कामे तिच्याकडून काढून घ्यायची. छोटे सामान हॉइस्टने, काँक्रीट पंपाने आणि फक्त जड माल क्रेनने.

न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगची गोष्ट या संदर्भात आजही सांगण्यासारखी आहे. मार्च १९३० मध्ये काम सुरू झाले आणि १ मे १९३१ रोजी १०२ मजली इमारतीचे उद्घाटन झाले. ते केवळ मोठ्या यंत्रांच्या जोरावर झाले नाही. भर शहरात माल साठवायला जागाच नव्हती, म्हणून पोलादी तुळया ठरल्या वेळी ट्रकने येत आणि थेट वर चढवल्या जात. मजल्यामजल्यावर छोटे रूळ टाकून त्यावरून सामानाच्या डबागाड्या ढकलल्या जात. विटा ट्रकमधून थेट तळघरातल्या साठवणीत पडत, त्यामुळे रस्त्यावर ढीग करून पुन्हा भरण्याचे काम वाचले. कामगारांना जेवणासाठी खाली उतरावे लागू नये म्हणून वरच्या मजल्यांवर खानावळी होत्या. अर्थात, त्या काळातील सुरक्षेचे नियम आजच्या तुलनेत तोकडे होते. अधिकृत नोंदीनुसार या कामात पाच जणांनी प्राण गमावले. ते विसरून वेगाचे कौतुक करता येणार नाही.

गवंड्याची पाठ आणि विटांची संख्या

वेग वाढवायचा म्हणजे माणसाला पळवायचे, हा समज शंभर वर्षांपूर्वीच मोडीत निघाला आहे. फ्रँक गिल्ब्रेथ हा अमेरिकी तरुण १८८५ मध्ये गवंडीकाम शिकू लागला. त्याने पाहिले की प्रत्येक गवंडी प्रत्येक विटेसाठी पायाशी वाकतो. दोन-अडीच किलोची वीट उचलायला स्वतःचे साठ-सत्तर किलोचे शरीर खाली नेतो आणि पुन्हा वर आणतो, तेही दिवसातून शेकडो वेळा. गिल्ब्रेथने भिंतीबरोबर वर सरकवता येणारी परांची बनवली आणि विटा व माल गवंड्याच्या कमरेच्या उंचीवर ठेवण्याची सोय केली. विटा नीट लावून देण्यासाठी एक मदतनीस दिला. फ्रेडरिक टेलर यांनी १९११ च्या आपल्या पुस्तकात याची नोंद केली आहे. वीट लावण्याच्या हालचाली १८ वरून ५ वर आल्या आणि एका माणसाच्या तासाला १२० विटांऐवजी ३५० विटा लागू लागल्या.

या घटनेत नवे इंजिन नव्हते, जास्त घाम नव्हता. वाकणे कमी झाले आणि काम वाढले. आरोग्य आणि उत्पादकता एकमेकांच्या विरोधात असतात, असे मानणाऱ्या प्रत्येकाने ही परांची आठवावी. आजही अनेक साईटवर लाखो रुपयांच्या क्रेनने विटा आठव्या मजल्यावर येतात आणि तिथून घमेल्यात भरून, डोक्यावरून, पन्नास पावलांवर नेल्या जातात. क्रेनने वाचवलेला वेळ त्या पन्नास पावलांत संपतो.

यंत्राचेही आरोग्य असते

यंत्र उपलब्ध आहे म्हणजे ते साईटवर उभे आहे असे नव्हे, तर हवे तेव्हा चालते असे. समजा, एक पोकलेन सरासरी १०० तास चालल्यावर बंद पडते आणि १० तासांत दुरुस्त होते. तिची उपलब्धता झाली सुमारे ९१ टक्के. तसेच दुसरे यंत्र तेवढ्याच वेळा बंद पडते, पण त्याचा सुटा भाग यायला वेळ लागल्याने ४० तास पडून राहते. त्याची उपलब्धता उरते सुमारे ७१ टक्के. दोघांचे बिघाड सारखे, फरक फक्त वाट पाहण्याचा. एक जादा होज पाइप, दोन फिल्टर आणि ओळखीचा मेकॅनिक एवढ्यानेही हा फरक भरून निघू शकतो.

बहुतेक यंत्रांच्या पुस्तिकेत २५०, ५००, १००० तास अशा टप्प्यांनी देखभाल सांगितलेली असते. रोजची तपासणी तर दहा-पंधरा मिनिटांची. इंजिन ऑइल, कूलंट, ग्रीस, एअर फिल्टर, होज, टायर किंवा साखळी आणि क्रेन असेल तर तारेचा दोर पाहायचा. ग्रीसिंग म्हणजे नुसते वंगण नव्हे. आत शिरलेली धूळ आणि पाणी ते बाहेर ढकलते. हायड्रॉलिक पंपातील आणि व्हॉल्व्हमधील फटी अवघ्या काही मायक्रॉनच्या असतात. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज यावा. डोळ्याला न दिसणारा धुळीचा कण तिथे पॉलिश पेपरसारखे काम करतो. ऑइल उघड्या डब्यातून ओतणे म्हणजे यंत्राच्या रक्तात घाण सोडण्यासारखेच.

पण देखभालीसाठी यंत्र थांबवायला लागते आणि काम मागे पडलेले असेल तर थांबवायला कुणी तयार नसते. म्हणजे पुन्हा तेच चक्र. नियोजन चुकले म्हणून वेळ गेला, वेळ गेला म्हणून देखभाल टळली, देखभाल टळली म्हणून बिघाड झाला, बिघाड झाला म्हणून आणखी वेळ गेला.

चालकाचे शरीर

या चक्राच्या मध्यभागी एक माणूस बसलेला असतो. ओबडधोबड जमिनीवर चालणाऱ्या यंत्राचे हादरे आसनातून थेट कण्यात जातात. वर्षानुवर्षे अशा हादऱ्यांत काम करणाऱ्यांत कंबरदुखीचे प्रमाण अधिक आढळते. युरोपीय संघाने २००२ मध्ये यासाठी मर्यादा घातल्या. आठ तासांच्या कामात संपूर्ण शरीराला बसणाऱ्या हादऱ्यांची तीव्रता ०.५ मीटर प्रति सेकंद वर्गाच्या वर गेली की मालकाने उपाय सुरू करायचे आणि १.१५ च्या वर कुणालाही ठेवायचे नाही. उपाय फार महाग नाहीत. आसनाची स्प्रिंग नीट ठेवणे, वेग कमी करणे आणि साईटवरचा कच्चा रस्ता दर दोन-चार दिवसांनी सपाट करणे. यातल्या शेवटच्या उपायाने डंपरची फेरीही लवकर होते आणि टायरही टिकतात.

आवाजाचेही असेच. अमेरिकेतील कामगार आरोग्य संशोधन संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तासांपेक्षा जास्त काम करू नये. आवाज ३ डेसिबलने वाढला की ही मुदत निम्मी होते. म्हणजे ८८ डेसिबलला चार तास, ९१ ला दोन. खडक फोडणाऱ्या ब्रेकरजवळ ही मर्यादा सहज ओलांडली जाते. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले. म्हणून काम नसताना इंजिन चालू ठेवणे हा डिझेलइतकाच फुप्फुसांचाही अपव्यय आहे, चालकाच्या आणि शेजारच्या इमारतीतल्या मुलांच्याही.

सर्वात गंभीर प्रश्न झोपेचा. डॉसन आणि रीड या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एक प्रयोग मांडला. सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची हात आणि नजर जुळवण्याची क्षमता, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते. आपल्याकडे वाहन चालवताना १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के मद्याची मर्यादा आहे. पहाटे पाचला उठलेला चालक रात्री दहाला पोकलेन मागे घेत असेल, तर तो थेंबभरही न पिता त्या मर्यादेपलीकडे गेलेला असतो. आणि यंत्राच्या मागे कुठेतरी एखादा बिगारी उभा असतो.

टॉवर क्रेनवर ही चूक आणखी महाग पडते. क्रेनची ताकद नुसत्या वजनावर ठरत नाही. वजन आणि बुडख्यापासूनचे अंतर यांचा गुणाकार महत्त्वाचा असतो. १० मीटरवर ६ टन उचलणारी क्रेन ३० मीटरवर ढोबळमानाने २ टनच पेलते. 'थोडे पुढे घे' हे शब्द म्हणूनच धोक्याचे. वर चढलेल्या चालकाला लघवीसाठी शंभर मीटर शिडी उतरावी लागू नये म्हणून पाणीच कमी प्यावेसे वाटते, तेही मे महिन्यात. त्याच्या पाण्याची, विश्रांतीची आणि बदली माणसाची सोय हा दयेचा विषय नाही. तो क्रेनच्या देखभालीचाच भाग आहे. इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये स्वतंत्र कायदा झाला होता. कामाचे तास, सुरक्षा आणि कल्याण हे सगळे त्यात होते.

आपण काय विचारावे?

सोसायटीचा पुनर्विकास असो की स्वतःच्या बंगल्याचे काम, 'किती यंत्रे लावली आहेत?' असा प्रश्न विचारून फारसे कळत नाही. त्याऐवजी चार गोष्टी विचारता येतील. उद्याच्या क्रेनचे वेळापत्रक आज लिहिले आहे का? प्रत्येक मिक्सर प्लांटवरून निघाल्याची आणि साईटवर रिकामा झाल्याची वेळ चलनावर नोंदवली जाते का? यंत्रांची रोजची तपासणी कुणाच्या सहीने होते? आणि रात्री काम चालले असेल, तर त्या चालकाने दिवसाही काम केले आहे का?

साईट सांभाळणाऱ्या अभियंत्याला तर एका कागदावर सुरुवात करता येईल. आठवडाभर प्रत्येक यंत्रापुढे तीन रकाने ठेवायचे: काम केले, वाट पाहिली, बंद पडले. दुसऱ्या रकान्यात कशाची वाट पाहिली तेही लिहायचे. सळई, सही, डंपर, वीज, मिस्त्री. आज अनेक यंत्रांवर जीपीएस आणि तास मोजणारी साधने आहेत. पण इंजिन चालू होते एवढेच ती हमखास सांगतात. ते कशासाठी थांबले होते, हे त्या कागदावरच कळते. बहुधा एक-दोन कारणेच पुन्हा पुन्हा दिसतील आणि ती नवे यंत्र न आणता दूर करता येण्यासारखी असतील.

शेजाऱ्यांनीही एक गोष्ट समजून घ्यायला हवी. दिवसा रस्ते तुंबतात म्हणून डंपर रात्री चालवणे ठेकेदाराला सोयीचे असते. पण रात्री दहा ते सकाळी सहा ही शांततेची वेळ ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत दिली आहे ती झोपेसाठी. हा पेच सुटतो तो फेऱ्या कमी करून आणि त्यांच्या वेळा आधी ठरवून. चाके धुऊन, माल झाकून डंपर बाहेर काढणे याचाही आग्रह धरायला हवा. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई महापालिकेने बांधकामांच्या धुळीसाठी नियमावली काढली तेव्हा त्यात या गोष्टी होत्याच.

उद्या सकाळी गल्लीच्या तोंडाशी मिक्सरची रांग दिसली, तर वैतागताना एकदा मोजून पाहा. किती उभे आहेत आणि किती वेळाने एक आत जातो? आतला पंप चालू आहे की शांत? ही दोन-तीन मिनिटांची नोंद त्या इमारतीबद्दल बरेच काही सांगून जाईल.